निघताना थरथरणारी पांढरी गाडी

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यापैकी थोरलीने विचारले, "आजी, सिग्नलवरून निघताना माझी गाडी थरथरते आणि थोडे पुढे गेली की गप्प होते. काय असेल?" मी म्हणाले, मेकॅनिकला दाखव. तेवढ्यात धाकटा मागून ओरडला, "आजी, तू कधी चुकीच्या माणसाला आत टाकलेस का?" त्याने ते चेष्टेने विचारले होते. मी कुकरचे निमित्त केले आणि फोन ठेवला.

तुम्हा दोघांच्या प्रश्नांचे उत्तर एकाच प्रकरणात आहे आणि ते फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखे नाही. तुमच्या आईने तिकडे परदेशात राहूनही तुम्हाला मराठी वाचायला शिकवले आहे, म्हणून लिहिते. कोणाचेही नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसे हयात आहेत आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही वाचता येते. गुन्ह्याचा नंबर मी विसरले. बाकी त्यातले काही विसरायचे म्हटले तरी विसरता आलेले नाही.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याची ठाणेदार होते. पोळा दोन दिवसांवर आला होता आणि पाऊस आठवडाभर हटलेला नव्हता. सकाळी साडेसातला फोन आला की हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या नालीत एक माणूस पडला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तो बेशरमाच्या झुडपाआड पालथा होता. सायकलवरून डेअरीला दूध घालणारा, पस्तिशीचा माणूस. सायकल रस्त्यावर वाकडी पडली होती आणि चेपलेल्या कॅनमधले दूध चिखलात पांढरे दिसत होते. नाडी लागत होती. रुग्णालयाच्या दारात तो गेला. डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणला असता तर सांगता येत नाही, कदाचित वाचला असता."

मी पुन्हा घटनास्थळी गेले. सायकल पडली होती तिथपासून नालीपर्यंत ओल्या मातीत दोन समांतर रेघा होत्या, टाचांच्या. कोणीतरी त्याला बगलेत धरून ओढत नेले होते आणि दिसणार नाही असे टाकले होते. तोवर हा अपघात होता, कलम ३०४ अ. त्या दोन रेघांनंतर तो ३०४ झाला, सदोष मनुष्यवध. आरोपी सापडला तर त्याला सहज जामीन नव्हता आणि सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. रस्त्यावर दिव्याच्या काचेचे तुकडे मिळाले, ते पंचांसमक्ष सीलबंद करून नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवले. तिथून अहवाल यायला तेव्हा महिने लागत.

पाहणारी एकच होती. दीडशे पावलांवरच्या फाट्यावर कोथिंबीर, तिकडे तिला सांबार म्हणतात, घेऊन बसलेली साठीची बाई. तिचा जबाब मी स्वतः घेतला.

"काय दिसले, मावशी?"

"बाई, मी सांबाराच्या जुड्या घेऊन आटोची वाट पाहत बसलती. धाडकन आवाज आला. पाह्यलं तं पांढरी गाडी उभी. एक मानूस उतरला, खाली वाकला, काहीतरी ओढत नेलं. मले वाटलं, कुत्रं मेलं असन. मंग थो आला, गाडीत बसला, अन् गाडी निंगाली. पर अशी थरथरत निंगाली नं, जसा गोऱ्हा पान्यातून निंगते!"

"नंबर पाहिलात?"

"मले वाचता येत असतं तं मी फाट्यावर सांबार इकत बसली असती का?"

हवालदार हसला. ती आणखी बरेच काही बोलत होती. मी त्यातले कामाचे तेवढे घेतले. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. वऱ्हाडी मला पूर्ण कळत असे, पण कागदावर येताना ती धुऊन, इस्त्री करून येत असे. मी लिहिले: "सदर पांढऱ्या रंगाचे चारचाकी वाहन जागेवरून निघताना थरथरत असल्याचे मी पाहिले." मावशीने अंगठा दिला. माझे अक्षर तुम्हाला माहीत आहे. जबाब पाहून वरिष्ठ नेहमी खूश होत.

चौथ्या दिवशी एक गृहस्थ आपणहून ठाण्यात आले. सिंदी मेघेत घर, वर्ध्यात नोकरी, हिंगणीकडे वडिलांची शेती. स्वच्छ शर्ट, खिशाला पेन. "मॅडम, नागरिक म्हणून कर्तव्य वाटले म्हणून आलो," अशी त्यांनी सुरुवात केली. त्या भागातल्या एका भाजीवाल्याचे नाव त्यांनी घेतले. त्याच्याकडे जुनी पांढरी गाडी आहे, तिचा डावा दिवा फुटलेला आहे, तो रोज सकाळी त्याच रस्त्याने भाजी नेतो, आणि मेलेल्या माणसाशी त्याचे धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडण होते. सगळे खरे होते. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, जबाब घेतला आणि गेटपर्यंत सोडायला गेले.

संध्याकाळी भाजीवाल्याला आणले. चाळिशीचा, हाताला वांग्याच्या काट्यांचे ओरखडे. गाडीची मागची सीट काढून तिथे भाजीची पोती ठेवायची सोय होती. डावा दिवा फुटलेला होताच.

"दिवा कसा फुटला?"

"बैलानं शिंग मारलं, मॅडम. पोळ्यासाठी नाल्यावर धुवाले नेलतो."

"वा रे!" हवालदार म्हणाला. "बैलालेबी नेमका डावाच दिवा भेटला?"

"बैलाले डावं-उजवं समजते का, जमादार?"

"त्या सकाळी कुठे होतास?" मी विचारले.

"घरी होतो."

दोन शेजाऱ्यांनी सांगितले की तो सहालाच गाडी घेऊन निघाला होता. खोटे सापडले की तपासात एकदम वेग येतो. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. मी त्याच्यासमोर बसले. मारहाण माझ्या ठाण्यात होत नसे, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. पण सतत तेच ते विचारत राहणे हेही काही कमी नसते. चौथ्या तासाला तो म्हणाला, "पाशिंजर बसवतो, मॅडम. पल्याडच्या फाट्यावरून दोघं घेतले अन् सेलूले सोडले. खासगी गाडीत चालत नाई नं. सांगतलं असतं तं तुम्ही गाडी जप्त केली असती."

"आता काय झाले?"

"आताबी जप्तच झाली."

त्या दोन प्रवाशांची नावे त्याला ठाऊक नव्हती. आम्ही शोधले, ते मिळाले नाहीत. खरे म्हणजे फार शोधले नाहीत. माणसे लहान गोष्ट लपवायला खोटे बोलतात आणि मोठ्या गोष्टीत अडकतात, हे मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर माहीत असायला हवे होते. मला ते माहीत होते. तरी मी त्याच्या खोट्यालाच पुरावा मानून पुढे गेले. कोठडीची मुदत संपली, तो वर्ध्याच्या तुरुंगात गेला. त्याची गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात कडुलिंबाखाली उभी राहिली.

त्याची बायको दर दोन-तीन दिवसांनी ठाण्यात येई. सडपातळ, बोलायला तिखट. गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, परत द्या, एवढीच तिची मागणी असे. "मळ्यात वांगे लदबदले. तोडून ठेवतो अन् सडतात. नेऊ कशात, डोक्यावर?" मी सांगे की ओळख पटवल्याशिवाय गाडी देता येत नाही. ती कडुलिंबाखाली गाडीपाशी जाऊन उभी राही आणि पदराने काच पुसून परत जाई.

ती ओळख साडेतीन आठवड्यांनी झाली. मावशीला आणले, दोन पंच बोलावले. हवालदाराने गाडी सुरू केली आणि पहिला गिअर टाकून हळूहळू क्लच सोडला. गाडी अशी थरथरली की टपावरची वाळलेली पाने खाली पडली.

"अशीच!" मावशी म्हणाली. "अशीच थरथरत निंगाली होती."

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. हवालदार खाली उतरला तो छाती काढूनच. भाजीवाल्याची बायको त्या दिवशीही आलेली होती. ती पुढे आली. "घरी होती तवा असं नव्हती करत आमची गाडी. तुमच्या इथं येऊन बिमार पडली."

"हो, हो," हवालदार म्हणाला, "आमच्या इथलं पानी तिले मानवलं नाई." सगळे हसले. मी हसले नाही असे लिहायला मला आवडले असते.

मग आरोपपत्राची तयारी सुरू झाली. वरिष्ठांनी घालून दिलेल्या मुदतीला तेरा दिवस राहिले होते. उपविभागीय अधिकाऱ्यांचा रोज फोन येत होता, मृताचा भाऊ रोज बाकावर येऊन बसत होता. मी कागद तारखेप्रमाणे लावत होते, प्रत्येकाला अनुक्रमांक, वर अनुक्रमणिका. हे काम मी कधी कोणावर सोपवले नाही. सतरावा कागद मोटार वाहन निरीक्षकांचा तपासणी अहवाल होता. गाडी जप्त केल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. त्यात लिहिले होते: वाहन प्रत्यक्ष चालवून पाहिले, ब्रेक, स्टिअरिंग, क्लच सुस्थितीत, यांत्रिक दोष आढळला नाही.

मी तो तीनदा वाचला. मग हवालदाराला हाक मारली.

"थे फॉर्म भरून देतात, मॅडम," तो म्हणाला. "गाडी कोन चालवून पाह्यते?"

मी निरीक्षकांना फोन लावला. ते चिडले. "सेलूच्या रस्त्याला दोन किलोमीटर चालवली मी ती, पावसात! थरथरत असती तर मला कळले नसते?"

फोन ठेवून मी तो अहवाल आणि ओळखीचा पंचनामा शेजारी शेजारी ठेवले. जप्तीनंतर दुसऱ्या दिवशी गाडी थरथरत नव्हती आणि साडेतीन आठवड्यांनी थरथरत होती. त्या सकाळी फाट्यावर ही गाडी असेल तर अहवाल चुकीचा. अहवाल बरोबर असेल तर आमचा ओळखीचा पंचनामा चुकीचा, आणि तुरुंगात जो बसला होता तो कोण? तो कागद अनुक्रमणिकेत तसाच राहू देणे सोपे होते. बचावाचा वकील तो वाचेलच असे नव्हते, कारण त्या माणसाकडे नीट वकीलही नव्हता. घरी जाऊन मी जेवले नाही. तुमच्या आजोबांनी विचारले, तब्येत बरी नाही का. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंदी मेघेतून एका मिस्त्रीला बोलावले. पन्नाशीचा, कमी बोलणारा, नखांत कायमचे काळे ऑइल. मी त्याला प्रकरण सांगू लागले तर त्याने हात वर केला. "दोन मिनिटं बोलू नका, मॅडम. पहिले गाडीले बोलू द्या."

त्याने बॉनेट उघडले, इंजिन सुरू करून नुसते ऐकत उभा राहिला. इंजिन शांत होते. मग तो बसला आणि कडुलिंबापासून गेटपर्यंत गाडी नेली. ती भयंकर थरथरली. गेटपाशी थांबला, रिव्हर्स टाकला, परत आला. मागे येतानाही थरथरली. "मोजा," त्याने खिडकीतून सांगितले. तो पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी थरथर कमी झाली. पाचव्या वेळी नुसती शिरशिरी. आठव्या वेळी गाडी सरळ निघाली, अळवाच्या पानावरून थेंब घरंगळावा तशी.

"संपली बिमारी," तो उतरून म्हणाला.

"काय दुरुस्त केलेत?"

"म्या काय केलं? पाना बी नाई लावला." मग त्याने हाताच्या दोन तळव्यांनी दाखवले. "इंजिनाच्या मागं एक लोखंडी चाक रायते. क्लचची प्लेट त्याले जाऊन धरते, तवा गाडी निंगते. गाडी महिनाभर दमटात उभी ठेवली का त्या चाकावर गंज चढते. मंग प्लेट एकसारखी धरत नाई, धरते-सोडते, धरते-सोडते, अन् गाडी थरथरते. दहा वेळा चालवली का गंज घासून निंगते. हा रोग तुमच्या आवारानं लावला हाय, मॅडम."

"म्हंजे आमची चूक?" हवालदार म्हणाला.

"चूक पान्याची. पर पान्यात उभी कोनं केली?"

मला एवढ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. आवारात आणखी दोन जप्त गाड्या होत्या. एक तीन महिन्यांपासून उभी, एक परवाच आणलेली. दोन्हींच्या किल्ल्या मागवल्या. जुनीची बॅटरी उतरली होती, ती दुसऱ्या बॅटरीवर सुरू करावी लागली. ती थरथरली. परवाची थरथरली नाही. मी हे सगळे स्टेशन डायरीत लिहिले, वेळेसह, आणि सही केली. सही करताना मला माहीत होते की माझी केस मी स्वतःच फोडते आहे.

मग मावशीला पुन्हा आणले. या वेळी प्रश्न मिस्त्रीने विचारले. डॉक्टर पेशंटला विचारतो तसे.

"मावशी, थो मानूस खाली उतरला होता तवा गाडी चालू होती का बंद?"

"चालूच होती."

"गप उभी होती का हालत होती?"

"हालत होती नं! उभ्या उभ्या हालत होती, ताप भरल्यावानी. अन् निंगाली तवा आतून ठक्क वाजलं. दोनदा वाजलं. म्या त्याच दिवशी बाईले सांगतलं."

"बाईले सांगतलं होतं?"

"व्हय. बाई लिहून राह्यल्या होत्या."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने मुद्दाम पाहिले नाही, हे मला कळले. हवालदाराने मात्र पाहिले.

"मग मावशी, परवा या गाडीला 'अशीच' का म्हणालात?" मी विचारले.

"तुम्ही इचारलं, थरथरली का? थरथरली. ठक्क वाजलं का, असं कोनी इचारलंच नाई. अन् साऱ्यायच्या तोंडावर असं वाटत होतं का मी हो म्हनावं."

मिस्त्री म्हणाला, क्लचची गाडी उभी असताना हलत नाही, ती फक्त निघताना थरथरते. उभ्या उभ्या हलते आणि निघताना ठोका देते ती गाडी म्हणजे इंजिनाचे मौंटिंग तुटलेली. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसलेले असते त्यांतला एक फाटला की इंजिन आतल्या आत उडते. "अशी गाडी घेऊन मानूस जास्त दिस हिंडत नाई," तो जाताना म्हणाला. "अन् ज्यानं असं काम केलं, थो घराजवळच्या मिस्त्रीकडं गाडी नाई दाखवत. लांबचं पाहा."

थोरलीसाठी इथेच लिहून ठेवते: तुझी गाडी ऑटोमॅटिक आहे, तिची अंगे वेगळी. पण मेकॅनिककडे जाशील तेव्हा नुसते 'थरथरते' म्हणू नकोस. थंड असताना की गरम झाल्यावर, उभी असताना की फक्त निघताना, आवाज येतो का, हे सगळे सांग.

आठ दिवस हातात होते. तीन कॉन्स्टेबल गॅरेजे आणि सुट्या भागांची दुकाने पाहत फिरले. वर्ध्यात काही मिळाले नाही. पाचव्या दिवशी पुलगावहून फोन आला. तिथल्या एका छोट्या गॅरेजच्या वहीत घटनेच्याच दिवशी दुपारी एका पांढऱ्या गाडीचे काम होते: डावा हेडलाइट, पुढचा बंपर, इंजिन मौंटिंग एक. मालकाचे नाव लिहिलेले नव्हते, गाडीचा नंबर होता. मी तो नंबर परिवहन कार्यालयाकडून पडताळून घेतला. नाव कागदावर आले तेव्हा ते मला शोधावे लागले नाही. माझ्या साक्षीदारांच्या यादीत ते दुसरे होते. मी ज्यांना खुर्ची दिली होती, चहा दिला होता, गेटपर्यंत सोडायला गेले होते.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बोलावले. जबाबात थोडी दुरुस्ती आहे असे सांगितले. ते वेळेवर आले. तोच शर्ट असावा. मी पुन्हा चहा मागवला. हवालदार शेजारच्या टेबलावर लिहीत बसला.

"तुमच्याकडेही पांढरीच गाडी आहे ना?"

"हो. बऱ्याच लोकांकडे असते."

"निघताना थरथरते का?"

"छे. आता नाही."

हवालदाराचे पेन थांबले. गृहस्थांनी कप उचलला होता, तो त्यांनी परत खाली ठेवला.

"आता नाही," मी म्हणाले. "मग कधीपासून नाही?"

बाहेर बाकावर मृताचा भाऊ नेहमीप्रमाणे बसलेला होता, तो दारातून दिसत होता. मी पुलगावच्या वहीच्या पानाची प्रत टेबलावर ठेवली आणि वळवून त्यांच्याकडे केली.

"वर्ध्यात गॅरेज नव्हते का?"

त्यांनी ते पान वाचले. एवढा वेळ ते पुस्तकी मराठीत बोलत होते. आता आवाज आणि भाषा, दोन्ही बदलले. "मले वाटलं थो गेला, मॅडम. हालतच नव्हता. मले वाटलं, आता काय... पोरीचं लग्न ठरलं होतं..."

"नालीत ओढत का नेलेत?"

"रस्त्यावर दिसू नये म्हनून."

"आणि त्या भाजीवाल्याचे नाव?"

"बाजारात त्याच्या गाडीचा दिवा फुटलेला दिसला," ते म्हणाले. "तवा सुचलं."

पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, म्हणून त्यावर मी विसंबले नाही. त्यांची गाडी ताब्यात घेतली. पुलगावच्या मेकॅनिकने सांगितले होते की बदललेला जुना भाग तो नेहमी गिऱ्हाइकाच्याच डिक्कीत टाकतो, म्हणजे भाग बदललाच नाही असे नंतर कोणी म्हणत नाही. डिक्कीत, स्टेपनीच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले रबरी मौंटिंग होते, मधून फाटलेले. मालकाला ते तिथे आहे हे माहीतही नव्हते. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. रस्त्यावरच्या काचा आणि त्यांच्या जुन्या बंपरच्या खाचेत अडकलेली काच एकच निघाली. तो बंपर गॅरेजच्या भंगारात पडून होता. त्यांना शिक्षा झाली.

भाजीवाल्याविरुद्ध पुरावा नसल्याचा कलम १६९ चा अहवाल मी न्यायालयाला दिला आणि तो सुटला. बेचाळीस दिवस तो आत होता. वरिष्ठांनी मला विचारले की हा अहवाल आधी का सुचला नाही. ते विचारणे योग्यच होते. माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंद आहे.

सुटल्याच्या चौथ्या दिवशी मी त्याच्या मळ्यात गेले. साध्या साडीत, जीप रस्त्यावर ठेवून. तो वांग्यांच्या ओळीत वाकलेला होता. मी म्हणाले, "माझी चूक झाली. तेवढे सांगायला आले." तो उठला नाही. "गाडी कवा भेटल?" एवढेच त्याने विचारले. मी म्हणाले, उद्या.

त्याची बायको धुऱ्यावर उभी होती. "म्या सांगतलं होतं तुमाले," ती म्हणाली. "घरी होती तवा असं नव्हती करत. काऊन नाई आयकलं?"

मी म्हणाले, "तुम्ही आरोपीची बायको होतात म्हणून."

ती म्हणाली, "गाडी तं मीच रोज धुवत होती. मले नाई तं कोनाले मालूम राहीन?"

या प्रकरणाने मला काय शिकवले असे पोलीस अकादमीत एकदा विचारले होते. मी नव्या अधिकाऱ्यांना सांगितले की साक्षीदार जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत, सगळे लिहा, संबंध नाही असे वाटले तरी. ठाण्यात आणलेली वस्तू ठाण्यात बदलते, माणूसही बदलतो, आणि त्या बदलाला आपण पुरावा म्हणून बसतो. आणि आरोपीच्या घरच्या बाईला बसायला खुर्ची द्या. हे त्यांनी लिहून घेतले. पुढच्या दहा वर्षांत मी घेतलेल्या जबाबांतले शब्द वऱ्हाडी आहेत. अक्षर मात्र पूर्वीइतके सुरेख राहिले नाही, कारण बोलणाऱ्याच्या वेगाने लिहावे लागते.

धाकट्या, तुझे उत्तर हो असे आहे. एकदा, बेचाळीस दिवस.

मी निवृत्त झाले, हवालदार वारला, फाट्यावरची मावशीही गेली. तो मळा अजून आहे. मी त्या रस्त्याने गेले की थांबते आणि भाजी घेते. त्याची बायको माझ्याशी चांगले बोलते, तुमची चौकशी करते. तो भाजी तोलून पिशवीत घालतो आणि अजूनही माझ्याशी बोलत नाही.